चव्वेचाळीस नमुने, शून्य कीड

वस्तू मिळवण्यापेक्षा ती टिकवणे अवघड असते, आणि वापरणे तर दोन्हींपेक्षा धोक्याचे. जगात वस्तूंचे जे नुकसान होते त्यातले बहुतेक त्या वापरल्यामुळे होते. उरलेले कीड करते. पहिल्या कारणावर घरच्या माणसांना दटावून उपाय करता येतो. दुसऱ्यासाठी शास्त्र लागते, आणि ते सगळ्या गल्लीत एकट्या नमुनासाहेबांकडे होते.

नमुनासाहेबांची एकतीस वर्षे कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. ठाणातून तुकडा कापायचा, भिंगाखाली धरायचा, क्रमांक घालून फायलीत चिकटवायचा आणि ठाण पुढे पाठवायचे, हे काम. (टोपणनाव तिथलेच. गल्लीने ते आदराने उचलले, निदान त्यांच्या तोंडावर.) अकरा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरामागची कोठीची खोली ताब्यात घेतली.

खोलीत सव्वीस कापडे होती. पाहुण्यांसाठीच्या चादरी, पडदे, दोन गालिचे, लेकीची लहानपणची दुलई, एक रुमाल असे बरेच काही. आणि एक लोकरीचा लांब कोट. तो त्यांच्या पत्नीचा. त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, कारण त्या होत्याच. पहिली नोकरी थंड गावात लागली तेव्हा त्यांनी तो शिवून घेतला होता. पुढे लेक चार वर्षांची असताना त्या कोटात शिरून बसायची आणि आतून सांगायची, "घरात कुणी नाही."

नमुनासाहेबांनी दारावर नियम लावले:

१. आत येण्यापूर्वी तासभर काही खाऊ नये. (पावाचा कण म्हणजे उंदराला आमंत्रणपत्रिका.)

२. बाहेरचे कपडे बाहेरच ठेवावेत.

३. पेटी उघडायची असल्यास लेखी कारण द्यावे. 'हवी आहे' हे कारण धरले जाणार नाही.

४. दर तीन महिन्यांनी प्रत्येक कापडाचा नमुना घेतला जाईल. कोणत्याही कापडाला सवलत नाही.

चौथा नियम थोडा समजावून सांगायला हवा. कसर लागली की नाही हे भिंगाखाली कळते, अख्खी चादर भिंगाखाली मावत नाही, म्हणून चादरीतून पाच सेंटिमीटरचा चौकोन कापावा लागतो. यात न पटण्यासारखे काय आहे? चौकोन कुठून कापायचा हे चिठ्ठी टाकून ठरे, कारण आपल्या सोयीची जागा निवडणे ही शास्त्राशी बेइमानी. पहिल्याच वर्षी पडद्याच्या मधोमध खिडकी पडली, तेव्हा मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, कापायचंच आहे तर शिवणीच्या आतून कापा की. दिसणार तरी नाही."

"मी शिवणीच्या आतूनच खाईन, असं किड्याने लिहून दिलंय का?"

"त्याने नसेल दिलं. पण तो एवढं तरी खातो का, ते विचारा."

त्यानंतर त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकले नाही. कोटाला हे हात लावणार नाहीत, असे त्या धरून चालल्या. (संसारात नियम वाचले जातात ते आपल्याला लागू नाहीत या विश्वासानेच.)

निकाल डोळे दिपवणारे होते. कसर शून्य, वाळवी शून्य, उंदीर शून्य, झुरळ एक (मृत, येण्याचा उद्देश समजला नाही). नवव्या वर्षाअखेर रुमाल पूर्ण तपासून झाला. तो आता छत्तीस तुकड्यांत फायलीत होता आणि त्याच्या कोणत्याही भागाला कीड लागलेली नव्हती. असे छातीठोकपणे सांगता येईल असा रुमाल तुमच्याकडे आहे का?

अकराव्या वर्षी लेकीला उंच डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरी लागली. तिथे रात्री बादलीत ठेवलेले पाणी सकाळी हातोडीने फोडावे लागते. गुरुवारी निघायचे होते. सोमवारी ती म्हणाली, "बाबा, आईचा कोट द्या ना मला."

"लेखी कारण?"

तिने चिठ्ठीवर 'थंडी' असे लिहिले. नमुनासाहेबांनी जागच्या जागी मंजुरी दिली. असे आजवर कधी घडले नव्हते. खरे म्हणजे ही खोली त्यांनी याच दिवसासाठी राखली होती. कुणी तरी येईल, चांगले जपलेले काही तरी मागेल, आणि आपण ते जसेच्या तसे हातात ठेवू. ती कुणी तरी लेक निघाली, म्हणून ते मनातून हरखले होते.

त्यांनी पेटी उघडली आणि कोट खिडकीसमोर धरला. समोरच्या भिंतीवर उन्हाचे कवडसे पडले. सगळे चौकोनी.

"कसर लागली हो," मास्तरीणबाई दारातूनच पुटपुटल्या.

नमुनासाहेब दुखावले. "कसर? एक अळी नाही यात. अहवाल दाखवतो."

"मग ही भोकं कसली?"

"तपासणीची."

आणि त्यांनी हिशेब मांडला. कोटाचे किडीमुळे झालेले नुकसान शून्य टक्के, तपासणीमुळे पाच. तोवर लेकीने कोट अंगात घातला होता. तिचे कोपर बाहीतून बाहेर डोकावत होते.

"बाबा," ती म्हणाली, "वाऱ्याला आत यायला लेखी कारण लागेल का?"

नमुनासाहेब पेटीवर बसले. "मी तुझ्यासाठीच तर..." एवढे म्हणून त्यांनी कोटाची फाइल पुढे ओढली.

मास्तरीणबाईंनी सुईदोरा आणला. फायलीत चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस तुकडे होते, आणि कोणता कुठून कापला त्याची नोंदही. दोन दिवस तिघे कोठीच्या खोलीत बसले, जेवणही तिथेच. नमुनासाहेब क्रमांक आणि जागा वाचून दाखवत, लेक तुकडा धरी, मास्तरीणबाई टाके घालत आणि बोलत. (बोलणे अहवालात घेतलेले नाही.) सतरावा तुकडा उलटा बसला. नमुनासाहेबांच्या ते लक्षात आले, आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते एक चूक पाहून गप्प बसले.

लेकीचे पत्र आले: कोट उबदार आहे, आणि दोन सहकाऱ्यांनी शिंप्याचा पत्ता मागितला आहे.

कोठीची किल्ली आता मास्तरीणबाईंकडे असते. चादरी पलंगांवर आल्या, पडदे खिडक्यांवर. आजवर अकराशे छत्तीस नमुने घेऊनही जे कळले नव्हते, ते तीन महिन्यांत कळले: रोज झटकल्या जाणाऱ्या कापडावर कसरीला बसायला निवांत वेळच मिळत नाही. नमुनासाहेबांनी हा निष्कर्ष लिहून काढला आणि कात्री मास्तरीणबाईंच्या शिवणाच्या डब्यात ठेवून दिली.

तुम्ही त्यांना हसला असाल. हसावे. मग स्टूल घेऊन तुमच्या कपाटाची सर्वांत वरची फळी गाठा. 'चांगल्या प्रसंगासाठी' म्हणून ठेवलेली ती कोरी शाल काढा आणि तो प्रसंग कोणता हे आठवून पाहा. आठवले नाही तर घाबरू नका. शालीला कसर लागलेली दिसली, तर उलट समाधान माना: इतक्या वर्षांत तुमच्या घरात निदान एका जिवाला तरी ती हवीशी वाटली.