महाडची अर्धी गुराब

ज्या समाजाला पोहता येत नाही, त्याला आरमाराचा अभिमान बाळगणे तुलनेने सोपे जाते. पोहणाऱ्याचे लक्ष पाण्याकडे असते. न पोहणारा सगळे लक्ष इतिहासाकडे देऊ शकतो. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांनी हे तत्त्व अलीकडे ज्या निष्ठेने अंगीकारले आहे, ते पाहता किनारपट्टीच्या लोकांनी आमच्याकडून काही शिकावे असे वाटते. ते बिचारे अजून मासेच पकडतात.

आम्ही माहितीपट पाहतो. सलूनमध्ये खुर्ची रिकामी होईपर्यंत, एसटी येईपर्यंत, लग्नात पहिली पंगत उठेपर्यंत आमच्याकडे फोनवर शिडाच्या लढाऊ जहाजांचे माहितीपट चालू असतात. त्यांची रीत ठरलेली आहे. आधी समुद्रावरून ड्रोन येतो, मग ढोल येतो, मग एक जाड आवाज सांगतो की हा इतिहास आपल्यापासून लपवण्यात आला. (तो इतक्या वेळा सांगून झाला आहे की ज्याच्यापासून अजून लपलेला आहे असा माणूस सापडलाच, तर त्याच्यावर माहितीपट व्हावा.) नकाशावर लाल बाण सुटतो, गलबत संथ वळते, तोफ उडते आणि शत्रू, जो नेहमी गोरा व घामट असतो, डोळे विस्फारतो. पाहणारा फोन खिशात ठेवतो तेव्हा त्याने दाढी करता करता एक लढाई जिंकलेली असते.

एवढ्या विजयांनंतर एखादी समिती स्थापन होणे अटळ होते. तिचे नाव ‘सागरी गौरव समिती, महाड (अंतर्देशीय विभाग)’. अध्यक्ष चंदूशेठ. त्यांचे पाइप, सिमेंट आणि पाण्याच्या टाक्यांचे दुकान असल्याने जलविषयक बाबींत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. समितीकडे देणग्या जमल्या, तेव्हा त्यांचे काय करावे याबद्दल दोन प्रस्ताव आले.

पहिला प्रस्ताव सुंदराबाईंचा. सुंदराबाई नदीकडच्या सखल आळीत एकट्या राहतात आणि भाकऱ्या करून खानावळींना देतात. त्या सभेत उठल्या आणि म्हणाल्या, “मागल्या पुराला आमी कौलांवर बसून होतो. बाहेरनं होडी येईस्तोवर शेजारचा म्हातारा गेला. आपली एक इंजिनाची रबरी होडी गावात असू दे.”

समितीने प्रस्तावाचा गांभीर्याने विचार केला. रबरी होडीला डोलकाठी नसते, तोफ नसते आणि तिच्यावर कोणी पोवाडा रचल्याची नोंद नाही. शिवाय हवा काढली की ती घडी घालून कपाटात राहते. हे आपल्या परंपरेला शोभणारे नाही. तेव्हा दुसरा प्रस्ताव, म्हणजे आरमारावर महाडमध्येच एक भव्य माहितीपट काढण्याचा, टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. सुंदराबाईंच्या भाषणाची नोंद ‘भगिनींनी जलवाहतुकीविषयी आस्था व्यक्त केली’ अशी करण्यात आली. त्या घरी गेल्या आणि त्यांनी पिठाचा डबा माळ्यावर चढवला.

दिग्दर्शक म्हणून पुण्याहून ऋत्विक नावाचा तरुण आला. समुद्रावरच्या लढाईसाठी महाडच का, असा प्रश्न एका नतद्रष्टाने विचारला होता. ऋत्विकने समजावून सांगितले की समुद्रात चित्रीकरण करण्यातली मुख्य अडचण समुद्र ही आहे. तो हलतो. त्याने नट ओकतात, यंत्रे गंजतात. नदी त्या मानाने समजूतदार असते.

नदीच्या वळणावर, जिथे पाणी कोंडून संथ राहते, तिथे गुराब उभी राहिली. गुराब म्हणजे जुने मोठे लढाऊ जहाज. ही मात्र प्लायवुडची होती आणि तिला एकच बाजू होती. कॅमेऱ्याला दुसरी दिसत नाही. खाली चंदूशेठच्या दुकानातले निळे प्लास्टिकचे पिंप दोरांनी बांधलेले होते, तेही कॅमेऱ्याला दिसत नसत. उजवीकडून पाहिले तर ती शत्रूच्या उरात धडकी भरवी. डावीकडून पाहिले तर वाळत घातलेल्या खाटेसारखी दिसे. गावाने उजवीकडूनच पाहायचे ठरवले.

चित्रीकरण आषाढात ठेवले, कारण आभाळात ‘मूड’ असतो. जुनी आरमारे पावसाळ्यात जहाजे किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवत. पण त्यांच्याकडे ड्रोन नव्हता.

आता सरखेल हवा होता, म्हणजे आरमाराचा प्रमुख. तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर सापडला. नाव मुरारी. चार म्हशी, थोडी नाचणी आणि छातीपर्यंत दाढी. तो सुंदराबाईंचा सख्खा धाकटा भाऊ. बहिणीला दही द्यायला महाडला उतरला असताना ऋत्विकने त्याला रस्त्यात थांबवले आणि त्याच्या चेहऱ्यावर सात समुद्रांचा वारा आहे असे सांगितले. मुरारीने समुद्र पाहिला नव्हता. पण एवढा शिकलेला माणूस म्हणतो तर असेल, असे म्हणून त्याने दही बहिणीकडे पोहोचवले आणि सरखेलपद स्वीकारले.

खरे सांगायचे तर ते त्याच्या डोक्यात गेले. त्याला एकच वाक्य होते, ‘तोफा डागा’. ते तो घाटात म्हणे, गोठ्यात म्हणे. त्याची बायको आवडी हिची तक्रार होती की म्हशी दचकून दूध चोरतात. त्याने टोप घरी नेऊन पोराबाळांना दाखवला, आणि सुंदराबाईंना सांगितले की गो बाय, तुझा भाऊ आता दर्याचा राजा हाय. त्या म्हणाल्या, राजा हायस तर पावसाच्या आधी माझी कौलं परतून दे. तो हो म्हणाला आणि तालमीला गेला.

कौले परतायची, म्हणजे काढून पुन्हा घट्ट बसवायची, राहिली ती राहिलीच.

पुढे एके दिवशी महाबळेश्वराच्या अंगाला डोंगरात पावसाने धार धरली आणि खाली खाडीला भरती आली. अशा वेळी नदीच्या पाण्याला पुढे जायला वाट नसते आणि मागे जायची इच्छा नसते. मग ते बाजारात येते. दुपारपर्यंत सखल आळ्या बुडाल्या. निम्मी समिती आणि चित्रीकरणाची मंडळी महामार्गालगतच्या उंचावरच्या हॉटेलात होती. समोर उतारापर्यंत चढलेल्या पाण्यात गुराब दोरांना हिसके देत होती. पाऊस घटकाभर उघडला आणि ऋत्विकने ड्रोन सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नदी समुद्रासारखी दिसत होती. त्याचे डोळे भरून आले. कलावंताला निसर्गाने अशी साथ देणे दुर्मिळच.

मुरारी टोप, अंगरखा, तलवार अशा पूर्ण पोशाखात त्याच्या मागे उभा राहून पडद्यावर पाहत होता. पिवळे पाणी, छपरे, वाहत चाललेला एक गॅस सिलिंडर. मग एक कौलारू घर. पाणी पडवीच्या वर चढलेले. कौलांच्या आढ्यावर एक बाई उभी होती आणि साडीचा पदर सोडून दोन्ही हातांनी हलवत होती.

“ही माझी बाय,” मुरारी म्हणाला.

ऋत्विक म्हणाला की शॉट फार सुंदर आहे, आणि ड्रोन आणखी खाली नेला. ड्रोन पाहून सुंदराबाईंना वाटले असणार की कोणीतरी आले. त्या आणखी जोरात हात हलवू लागल्या. त्यामुळे शॉट अधिकच सुंदर झाला.

“सर, होडी पायजे.”

“दादा, ती होडी नाहीये. गुराब आहे. आणि अर्धीच आहे.”

मुरारीने पडद्याकडे पाहिले, मग गुराबीकडे. तलवार काढून त्याने टेबलावर ठेवली आणि चंदूशेठकडे वळून पिंप मागितले. चंदूशेठ दुष्ट मनुष्य नव्हेत. त्यांनी शांतपणे सांगितले की पिंप आता समितीच्या मालकीचे आहेत आणि समितीची बैठक गणपूर्तीशिवाय घेता येत नाही. निम्मे सभासद सध्या आपापल्या माळ्यांवर आहेत.

कशेडी घाटात दरड आल्यामुळे हॉटेलापुढे ट्रकांची रांग लागली होती. त्यांतल्या एका ट्रकचा ड्रायव्हर नाथू चहा पीत हे ऐकत होता. त्याने कप ठेवला, ट्रकमधून माल बांधायचा लांब दोर काढला आणि मुरारीला विचारले, “पोहता येतं का?”

“नाय.”

“मना येतं. तू घट्ट धरून बस.”

दोघे उतारावर गेले आणि त्यांनी आरमार सोडवायला घेतले. मुरारीने कमरेच्या कोयत्याने दोर कापले. पिंप सुटू लागले तशी गुराब आधी डोलली, मग कलली. समितीच्या दोन सभासदांनी वरून ओरडून इतिहासाची आठवण करून दिली. डोलकाठी मोडली, शीड पाण्यावर पसरले आणि शत्रूच्या उरात धडकी भरवणारी ती बाजू तोंडावर पडली. आमच्या माहितीप्रमाणे भाकऱ्या करणाऱ्या बाईमुळे बुडालेले हे पहिलेच लढाऊ जहाज.

पिंप आडव्या फळ्यांना बांधून तराफा झाला. दोराचे एक टोक ट्रकला, एक तराफ्याला. आळीत पाण्याला ओढ कमी होती, तरी मुरारी घाबरला होता. दोन्ही हातांनी फळी धरून तो देवाचे नाव घेत होता आणि नाथू भिंतींना पाय देऊन तराफा ढकलत होता. सुंदराबाईंच्या घरापाशी पोहोचले तेव्हा कौले पायाखालून घसरू लागली होती. न परतलेली कौले तशीच असतात. मुरारीने हात वर केला.

सुंदराबाईंनी एका हाताने भावाचा हात धरला. दातावर दात वाजत होते, तरी त्यांनी आधी त्याच्याकडे नीट पाहून घेतले.

“आधी तो टोप काढ रे,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांवर आलाय तुझ्या.”

मुरारीने टोप पाण्यात टाकला. तराफ्यावर बसल्यावर तो बहिणीच्या पायाला धरून रडला, असे नाथू सांगतो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो तराफा आळीत फिरत राहिला. माणसे आणली, एक शेळी आणली, चंदूशेठच्या सासूबाईही आणल्या. (या वेळी गणपूर्तीचा प्रश्न उपस्थित झाला नाही.)

पाणी ओसरले आणि चिखल राहिला. आळीतली माणसे चिखल उपसत असताना बाहेरगावच्या असंख्य लोकांच्या भावना दुखावल्याचे निदर्शनास आले. कोणीतरी हॉटेलातून काढलेली चित्रफीत पसरली होती: सरखेलाच्या वेशातला मनुष्य कोयत्याने स्वतःचेच आरमार तोडतो आहे. हा इतिहासाचा अपमान होता. अपमान झालेल्यांपैकी बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणारे होते, आणि उंचावरून इतिहास स्पष्ट दिसतो. समितीने निषेधाचा ठराव केला व मुरारीला जाहीर माफी मागण्यासाठी बोलावले.

आवडी म्हणाली, जाऊ नका. सुंदराबाईही म्हणाल्या. पण वाडीतली पोरे मुंबईत कामाला आहेत, तिथे त्यांना उगाच कोणी त्रास नको, म्हणून मुरारी डोंगर उतरून आला. दाढी काढली होती. कॅमेऱ्यासमोर त्याला उभे केले.

“चुकलो,” तो म्हणाला. “उद्या परत पूर आला तर परत असंच चुकीन.”

दुसरे वाक्य तांत्रिक कारणास्तव वगळण्यात आले. माफी सर्वत्र स्वीकारली गेली आणि मुरारी म्हशींकडे परत गेला. त्याच्या तोंडून ‘तोफा डागा’ पुन्हा कोणी ऐकले नाही. नाथूने घाट मोकळा झाल्यावर ट्रक काढला. त्याचे आडनाव विचारायचे राहून गेले. समितीच्या अहवालात त्याचा उल्लेख ‘वाहतुकीतील अडथळा’ या सदरात आहे.

माहितीपट मात्र दिवाळीत आला, आणि तो तुम्ही पाहिलेला आहे. महाडच्या पुराचा त्यात अरबी समुद्र झाला आहे. पाणी निळे केले आहे, बाजारपेठ पुसून माड लावले आहेत, गुराबीला संगणकावर दुसरी बाजू मिळाली आहे. ढोल टिपेला पोहोचतो तेव्हा एक बाई उंचावर उभी राहून दोन्ही हातांनी पदर हलवताना दिसते, आणि जाड आवाज सांगतो की किनाऱ्यावरच्या रयतेने आपल्या आरमाराचे असे उत्स्फूर्त स्वागत केले.

तिथे तुम्ही थांबलात. थोडे मागे घेऊन पुन्हा पाहिलेत, नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवलेत आणि खाली लिहिलेत, ‘अंगावर काटा आला.’

सुंदराबाईंच्याही आला होता. पाणी फार गार होते.