आज सकाळची मिसल

आपल्या घरात एक कागद कमी आहे हे देवाजीला कळलं ते मंगळवारी, आणि नेमकं शेजारच्या पंजाबरावासमोर कळलं. दुसऱ्या कुणासमोर कळलं असतं तर देवाजीने ते मुकाट ऐकून घेतलं असतं.

त्याच्या दहाच मिनिटं आधी भिलाईजवळच्या जामुलला, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या चॉइस सेंटरच्या बाकावर बसून तो चारचौघांत सांगत होता की आमच्या घरी कागद हरवत नाही. बायकोने, सिंधूने, पत्र्याच्या पेटीत लग्नातल्या बँडवाल्याची पावतीसुद्धा जपून ठेवली आहे. होळीला ती गेली, पण कागद सगळे जागच्या जागी आहेत. हे सांगताना त्याने पंजाबरावाकडे असं पाहिलं, जणू पंजाबरावाच्या घरी कागद शेळ्या खातात!

तेवढ्यात सेंटर चालवणाऱ्या हिराने कॉम्प्युटरवरून मान वर केली. "काका, अर्ज वापस आ गया. आपकी मिसल नहीं पहुँची बाबूजी के पास. उसके बिना जाति प्रमाणपत्र नहीं बनेगा."

देवाजीच्या छातीतली हवा फुस्सकन गेली.

प्रश्न साधा नव्हता. त्याच्या मुलीला, नीतूला, दुर्गच्या कॉलेजात नर्सिंगला जागा मिळाली होती. जातीचा दाखला तीस तारखेच्या आत दिला तर फी माफ. नाही दिला तर पूर्ण फी भरा, नाहीतर जागा सोडा. देवाजी सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, आणि होता नव्हता तो फंड सिंधूच्या आजारात गेलेला. गोंदियाकडच्या ऑफिसने सांगितलं, मुलगी भिलाईत जन्मली, तिकडून दाखला घ्या. इकडचे म्हणाले, तुम्ही मूळचे तिकडचे. नीतूकडे आधार होतं, राशनकार्डात नाव होतं, मार्कशीट होती, लसीचं कार्ड होतं, शाळेत लिंबू-चमच्यात दुसरी आल्याचं सर्टिफिकेटही होतं. एवढे सगळे कागद असून पोरगी बिनकागदाची! सिविक सेंटरच्या बाजारात एका साडीच्या दुकानात ती कामाचं परस्पर विचारूनही आली होती. म्हणाली, "बाबा, एक साल काम करतो ना मी, फिर देखेंगे." ते 'फिर देखेंगे' देवाजीला रात्रंदिवस टोचत होतं.

आणि पंजाबरावाच्या मुलाचा, सुशीलचा, दाखला मात्र महिन्याभरापूर्वीच झाला होता!

देवाजी आणि पंजाबराव यांचे बाप गोंदियाकडच्या एकाच गावातून, एकाच दिवशी नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत कामाला आले होते. झोपड्याही शेजारी-शेजारी टाकल्या. पुढे पोरंही जामुलला येऊन भिंतीला भिंत लावून राहिली. जात एक, काम एक, ठेकेदार एक. तरी पंजाबरावाचं गॅस सिलिंडर देवाजीच्या सिलिंडरपेक्षा आठ दिवस जास्त चालायचं. मे महिन्यात देवाजीचा बोअर खोकत असताना पंजाबरावाच्या बोअरला पाणी असायचं. सुशीलच्या फीमाफीचे पेढे वाटले तेव्हा देवाजीने दोन खाल्ले, आणि दोन्ही घशात अडकले.

पण होळीपासून या सगळ्याहून मोठी एक गोष्ट होती, आणि ती देवाजी कुणाला सांगू शकत नव्हता. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून पंजाबरावाच्या बायकोचा, रत्नमालेचा, आवाज यायचा. चपला कुठे काढल्या, टॉवेल पलंगावर का टाकला, डाळ का उरवली. पंजाबरावाला रोज बोलणी बसत, आणि देवाजी अलीकडे बसून ती ऐकायचा. त्याचा स्वतःचा टॉवेल चार महिने पलंगावरच पडत होता. कोणी काही म्हणत नव्हतं.

तर मंगळवारी पंजाबराव हिराच्या टेबलावर कोपर टेकून म्हणाला, "काऊन रे देवा, मिसल नाही देल्ली तू? मी तं देल्ली. मिसल देल्ल्याशिवाय तिथं काम होतच नाही. आयक, मी तुले सांगतो..."

देवाजीने ऐकलंच नाही. "मले माहीत आहे," असं म्हणून तो सायकलवर बसला आणि निघाला. पंजाबरावाकडून अक्कल घेण्यापेक्षा तो उलट्या हँडलने सायकल चालवत दुर्गला गेला असता.

वाटेत त्याने डोकं लावलं. हिंदीवाल्यांच्या तोंडात 'ळ' बसत नाही. ते होळीला होली म्हणतात, दिवाळीला दिवाली. मग मिसळीला मिसल म्हणणार, हे उघडच होतं. आणि पंजाबरावाला चारचौघांत हिंदी झाडायची खोड पहिल्यापासूनची. कुठल्या ऑफिसात चहापाणी लागतं, कुठे मिठाई लागते. या बाबूला मिसळ लागते. ज्याची त्याची आवड!

आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रत्नमालेला मिसळ शिकवली कोणी? सिंधूने! लग्न होऊन आली तेव्हा रत्नमालेला मटकीला मोड कसे आणायचे हेसुद्धा माहीत नव्हतं. मसाला सिंधूने कुटून दाखवला, तर्री सिंधूने शिकवली. म्हणजे मिसळ माझ्या बायकोची आणि काम झालं पंजाबरावाचं! ज्याची बायको जिवंत आहे त्याला सरकारी दाखला, आणि ज्याची गेली त्याच्या पोरीने साड्यांच्या घड्या घालायच्या! देवाजीला एवढा राग आला की रेल्वे फाटक बंद आहे हेही त्याला उशिरा दिसलं.

बुधवारी पंजाबराव दार वाजवून गेला. देवाजीने नीतूला सांगायला लावलं की बाबा झोपले आहेत. गुरुवारी पुन्हा आला, तेव्हा देवाजी संडासात जाऊन बसला आणि तो जाईपर्यंत बाहेर आला नाही. बाबूसाठी मटकी त्याने मंगळवारी रात्रीच ओल्या फडक्यात बांधून ठेवली होती. तिला मोड आले. काहींना जास्तच आले, पण बाबू काही मोजणार नव्हता.

शुक्रवारी नीतू पहाटेच कॉलेजात मुदत मागायला गेली, आणि देवाजी स्वयंपाकघरात शिरला. सिंधूच्या मसाल्याची बरणी फळीवर होती. तळाशी दोन चमचे मसाला उरला होता. होळीपासून त्याने त्याला हात लावला नव्हता. कधीकधी फक्त झाकण उघडून बघायचा आणि पुन्हा लावायचा. आज त्याने बरणी उलटी करून बुडावर थापट्या मारल्या. कांदा जळाला, तर्रीने भिंतीवर उडी घेतली, बोट भाजलं. पण वास बरोबर आला. मग त्याने तीन कप्प्यांचा डबा भरला. खाली मटकी, मध्ये तर्री, वर शेव आणि कांदा. नीतूच्या अर्जाची फाइल त्याच पिशवीत ठेवली आणि बस पकडली.

तहसीलीत साहू बाबूचं टेबल कागदांनी इतकं भरलं होतं की मागून फक्त त्याचा चष्मा दिसत होता.

"मिसल लाए हो?"

"लाया हूँ साहब." देवाजीने पिशवी थोपटली.

"ओरिजिनल है?"

"एकदम ओरिजिनल. घर की है."

"कब की है?"

"आज सुबह की."

साहू बाबूने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्याच्या नोकरीत त्याने साठ वर्षं जुनी मिसल पाहिली होती, वाळवीने खाल्लेली पाहिली होती, पण आज सकाळची मिसल घेऊन कोणी आलं नव्हतं.

"किसने बनाई?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"मैंने खुद बनाई. पहले घरवाली बनाती थी. उसका हाथ बहुत साफ था साहब, पूरे मोहल्ले को बना-बना के देती थी."

"पूरे मोहल्ले को?"

इथे थांबला असता तर देवाजी वाचला असता. पण आतला किडा गप्प बसेना. "वो पंजाबराव ने जो दी थी ना आपको, वो भी मेरी घरवाली की ही समझो. उसकी औरत ने मेरी घरवाली से ही सीखा. नाम उसका हो गया, बस."

साहू बाबू हळूच उठला. त्याने खोलीचं दार लोटलं, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला खूण केली की याला जाऊ देऊ नका, आणि कपाटातून पंजाबरावाची फाइल काढली. फाइलवर लाल शाईने काहीतरी लिहिलं. मग फोन लावला. पंजाबरावाने असेल तसं, मूळ कागद घेऊन तहसीलीत यावं, मुलाचा दाखला तोवर थांबवला आहे, असं तो फोनवर म्हणाला.

हे ऐकून देवाजीला पहिल्यांदा काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. त्याला बरं वाटलं. बाबूला खरी मिसळ कोणाची ते कळलं, आणि आता नंबर आपला!

"दिखाओ," साहू बाबू म्हणाला.

देवाजीने पिशवीत हात घातला आणि हात लाल होऊन बाहेर आला. मधला कप्पा बसमध्येच कलला होता. फाइल तर्रीत भिजली होती, आणि अर्जावरच्या फोटोतली नीतू मिरवणुकीत गुलाल खेळल्यासारखी दिसत होती. देवाजीने तरी उरलेला डबा टेबलावर ठेवून उघडला. शेव वेगळ्या वाटीत काढली.

साहू बाबूने डब्यात पाहिलं. देवाजीकडे पाहिलं. पुन्हा डब्यात पाहिलं. "ये क्या है?"

"मिसल, साहब."

पुढची पाच मिनिटं त्या खोलीत सरकारी काम झालं नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस हसताहसता खुर्चीसकट भिंतीला टेकला. साहू बाबूच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याने ते खोकल्यावर ढकललं. मग त्याने देवाजीला समजावून सांगितलं. मिसल म्हणजे जमिनीच्या बंदोबस्ताचा जुना कागद. ठरल्या सालाच्या आधी तुमचा बाप-आजा इथे राहत होता, असं त्यात नाव असावं लागतं. मिसल ही खायची वस्तू नाही.

देवाजीला वाटलं, टेबलाखाली जावं आणि तिथेच रिटायर व्हावं.

अर्ध्या तासाने दार उघडून पंजाबराव आत आला. डोक्यावर हेल्मेट तसंच, कागदांची पिशवी छातीशी धरलेली, आणि मागे रत्नमाला. घामाने दोघं निथळत होती. "काय केलं बाप्पा मी?" तो म्हणाला. सुशीलचा दाखला गेला, असंच त्याला वाटलं होतं.

साहू बाबूने सगळं सांगितलं, आपल्याला बनावट कागदांचा संशय आला होता तेही. लाल शाईची ओळ त्याने खोडली आणि त्याखाली सही केली. देवाजी शिव्यांची वाट बघत जमिनीकडे पाहत उभा राहिला. रत्नमालेने डब्यात बोट बुडवून चाटलं.

"मसाला सिंधुताईचा आहे," ती म्हणाली. "मीठ नाही टाकलं भाऊजी तुम्ही."

देवाजीला मान वर करता येईना. चार महिन्यांत त्याला बोलणी बसली ती ही पहिलीच.

पंजाबरावाने हेल्मेट काढलं, पिशवीतून आपली मिसल काढली आणि टेबलावर पसरली. नंदिनीजवळच्या गावचा जुना कागद, वर कोणाची तरी वळणदार अक्षरं. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. "हा माहा बाप. आता खालची ओळ वाच."

देवाजीने वाचलं. खालच्या ओळीत त्याच्याच बापाचं नाव होतं. झोपड्या शेजारी, तशी नावंही शेजारी.

"मंगळवारपासून हेच सांगून राहिलो तुले," पंजाबराव म्हणाला. "चार महिने रेकॉर्ड रूममधी धूळ खाल्ली तवा हा कागद भेटला. बुधवारी आलो, तं तू झोपला. गुरुवारी आलो, तं तू संडासात. तिथं कागद सरकवू का दाराखालून?"



साहू बाबू म्हणाला, त्या पानाची नक्कल देवाजीला स्वतःच्या नावाने काढावी लागेल. आज अर्ज द्या, सोमवारी या. बोलता बोलता त्याने डबा स्वतःकडे ओढला होता. निघताना देवाजीने विचारलं की सोमवारी येताना काय आणू. साहू बाबूने चमचा चाटला, फाइलकडे पाहिलं आणि म्हणाला, "मिसल." थोडं थांबून म्हणाला, "दूसरी भी ले आना. नमक डाल के."

नकलेचा अर्ज दिला आहे. कागद अजून हातात आलेला नाही, आणि तीस तारखेला सहा दिवस उरले आहेत. साडीच्या दुकानात नीतूने अजून नाही म्हणून कळवलेलं नाही. बरणी रिकामी आहे. तो मसाला कसा करायचा हे आता फक्त रत्नमालेला माहीत आहे, आणि तिच्या दारी जाऊन विचारायचं देवाजीचं राहिलं आहे.