तीस जीव आणि एक ढाल

सन १९९६ च्या भाद्रपदात पेण शहरापुढे एकच गंभीर प्रश्न उभा होता. रोह्याच्या पोरांना तीस जीव मिळतात कुठून?

प्रश्न व्हिडिओ गेमचा होता, पण इज्जत शहराची होती. एसटी स्टँडमागे जनूचं गेम पार्लर आहे. तिथे दरवर्षी पेण विरुद्ध रोहा असा सामना होतो. जो सगळ्यांत पुढची स्टेज गाठेल त्याचं नाव फिरत्या ढालीवर कोरतात आणि ढाल त्याच्या गावाला जाते. गेम प्रत्येकाला तीन जीव देतो. ते संपले की खेळणारा उठतो आणि पुढचा बसतो, हा निसर्गनियम आहे. रोह्याची पोरं मात्र तीस जीव घेऊन बसायची आणि जनूचा दुसरा चहा झाला तरी उठायची नाहीत. लागोपाठ तीन वर्षं ढाल रोह्याला गेली.

विसर्जनानंतर पेणचे कारखाने रिकामे होतात. एरवी गणपतींत बुडालेल्या हातांना काम उरत नाही, आणि ज्यांना काम नसतं त्यांची आपल्याकडे समिती होते. त्यानुसार 'पेण व्हिडिओ गेम शुचिता समिती' स्थापन झाली. चिटणीस मी. पितृपक्षात शुभकार्य वर्ज्य असतं, पण चौकशीला शास्त्राची हरकत नाही.

अध्यक्ष म्हणून पेणजवळच्या जोह्याचे मूर्तिकार काळुरामशेठ यांची निवड झाली. त्यांचं वय बत्तीस. इतर क्षेत्रांत याला तारुण्य म्हणतात, पण व्हिडिओ गेममध्ये पिढी चार-पाच वर्षांत बदलते. त्या हिशेबाने ते आजोबांच्या जागी होते. ते नाणं टाकायच्या मशीनच्या जमान्यातले. नाण्याला भोक पाडून नायलॉनचा दोरा बांधायचा, नाणं आत सोडायचं, मशीन खूश झाली की अलगद वर ओढून घ्यायचं, ही कला अख्ख्या तालुक्यात त्यांनाच साधली होती. त्यामुळे शुचितेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे बिनविरोध आलं.

पहिल्याच बैठकीला रोह्याच्या संघाचा कप्तान अक्षय याला पाचारण करण्यात आलं. तो पॅसेंजरने आला, केस विंचरून, चौकशीची जराही भीती न बाळगता.

"तीस लाईफ कशा आल्या तुला?" काळुरामशेठनी विचारलं.

"गेम सुरू व्हायच्या आधी बटणं दाबायची, ठरल्याप्रमाणं. कोड हाय तो."

"म्हंजे लबाडी."

"लबाडी कशी? कंपनीनंच घातलाय ना आत? आमी काय मशीन फोडली नाय."

"लाज नाय वाटत?"

"कशाची?" अक्षयने विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

काळुरामशेठ कळवळले. "अरं, आमी दोरा सोडायचो तवा छातीत धडधडायचं. मालक बघंल, कान धरंल, बापाला सांगंल. दोरा तुटला तर नाणं गेलं. म्हैनाम्हैना शिकायला लागायचं. तुमची ही कसली लबाडी? मेहनत नाय, भीती नाय! बटणं दाबली की झाली! या पिढीचं व्हायचं कसं?"

सभासद हळहळले. तिथल्या तिथे ठराव झाला, की लबाडीचे दोन प्रकार मानावेत : कष्टसाध्य आणि आयती. कष्टसाध्य लबाडी हा आपला वारसा असून तो जपला जावा. आयत्या लबाडीचा समिती तीव्र निषेध करते.

अक्षयने ठराव शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाला, "शेठ, तुमी एका साच्यातनं हजार गणपती काढता. त्याला कोन लबाडी म्हनतो का?"

हा घाव वर्मी बसला. समितीतल्या निम्म्या लोकांच्या नखांत अजून प्लास्टर होतं. कोणी छताकडे पाहू लागलं, कोणी दाराकडे. काळुरामशेठनी मात्र जे उत्तर दिलं ते फक्त पेणच्या माणसालाच सुचू शकतं.

"साचा चालतो," ते म्हणाले. "धड साच्यातनं येऊ दे, सोंड येऊ दे. पन डोळं साच्यातनं येत नाय. डोळ्यांची आखणी हातानंच करायला लागते. डोळं हातचं असलं की मूर्ती आपली."

यातून संपूर्ण नवा कायदा जन्माला आला. शेवटची स्टेज म्हणजे गेमचे डोळे, असं समितीने एकमताने मानलं. त्याआधी कोणीही कोणतीही लबाडी करावी. शेवटची स्टेज मात्र हातानेच खेळावी. तिथे पोहोचताच साठलेले जीव बाजूला ठेवायचे आणि एकाच जीवावर खेळायचं. शिवाय सगळा कारभार पारदर्शक राहावा म्हणून प्रत्येक खेळाडूने आपली लबाडी जनूच्या काउंटरवर आधी घोषित करावी. अघोषित लबाडी सापडल्यास नाव बाद.

कायदा चांगला होता. फक्त त्याचे परिणाम झाले.

लबाडी घोषित करायची म्हणजे ती असली पाहिजे. ज्यांच्याकडे नव्हती त्यांची धावपळ उडाली. पेणची पोरं कोड शिकायला रोह्याला जाऊ लागली. रविवारच्या पॅसेंजरमध्ये त्यांच्याबरोबर आईबापही दिसू लागले, डबे घेऊन. अक्षयने घरी शिकवणी काढली, सकाळची तुकडी आणि दुपारची तुकडी. इकडे काळुरामशेठनी कारखान्याच्या पडवीत दोरा-नाण्याचे मोफत वर्ग उघडले, पण तिथे जुन्या काळातली मशीनच नसल्यामुळे मुलं नाणी बरणीत सोडून वर ओढायची. एकदा बाजारात शेजारच्या मालूताई भेटल्या, डोळ्यांत काळजी. म्हणाल्या, "आमचा बारका अजून तीनच लाईफवर खेळतो हो. दुसऱ्यांची पोरं बघा कुठं गेली. याच्यात काय कमी हाय, तेच कळत नाय." मी त्यांना धीर दिला. लबाडी एखाद्याला उशिरा येते, म्हटलं, पण येते.

सामन्याच्या रविवारी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जनू काउंटरवर उभा राहून एकेकाची लबाडी मोठ्याने पुकारत होता. तीस जीवांचा कोड. आधीच पाचव्या स्टेजवर नेणारा कोड. गोळी न लागण्याचा कोड. प्रत्येक पुकाऱ्याला टाळ्या पडत होत्या, चांगल्या घरची पोरं होती. शेवटी इयत्ता आठवीतली एक मुलगी पुढे आली. पेणातले बेने इस्रायली तेलाचे व्यापारी रूबेन रोहेकर यांची शीरा.

"लबाडी?" जनूने विचारलं.

"नाय."

"नाय म्हंजे?"

"केली नाय. करनार पन नाय."

लोक हसले. जनूने माझ्याकडे पाहिलं. नियमात याची तरतूद नव्हती, म्हणून तिचं नाव सगळ्यांत शेवटी तात्पुरतं घेण्यात आलं.

मग सामना झाला. रोह्याचे आणि पेणचे सगळे वीर भराभर शेवटच्या स्टेजला पोहोचले. तिथे एक राक्षस आहे. आजवर तिथे पोहोचणाऱ्याची ढाल ठरलेलीच असायची, मग उरलेले वीस-पंचवीस जीव राक्षसावर उधळून खेळणारा उठायचा. आता एकच जीव होता, आणि राक्षस उडी मारणार की आग ओकणार, हे कोणालाच सांगता येईना. कोणाला कधी बघायची गरजच पडली नव्हती. अक्षय एका दमात मेला. इतरांचीही तीच गत झाली. वारसा दाखवावा म्हणून काळुरामशेठ स्वतः बसले, ते पहिल्याच स्टेजच्या खड्ड्यात पडले.

शीरा सगळ्यांत शेवटी बसली. तीन जीवांवर ती एकेक स्टेज ओलांडत गेली. मग ती राक्षसासमोर आली. राक्षस उडी मारणार त्याच्या आधी ती वाकायची, आग ओकणार त्याच्या आधी ती उडायची. राक्षस कोसळला, पडद्यावर फटाके फुटले. असा शेवट गेमला आहे, हे जनूलाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

टाळी कोणीच वाजवली नाही. शंका मात्र सगळ्यांनाच आली.

"मुलगी रोहेकर हाय," अक्षय म्हणाला. "म्हंजे ढाल रोह्याचीच." यावर बराच गोंधळ झाला. रोहेकर घराणं सात पिढ्या पेणात आहे, हे पेणवाल्यांनी तावातावाने सांगितलं. या घराण्याची एवढी आपुलकीने आठवण पेणने पूर्वी कधी काढल्याचं मला स्मरत नाही. पण ढाल कोणत्याही गावाची असो, आधी लबाडी शोधणं भाग होतं. कॅसेट उघडून पाहिली. रिमोट हलवून पाहिला. काहीच सापडलं नाही, आणि त्यामुळे लबाडी फारच खोल असली पाहिजे, यावर एकमत झालं.

"बघ गो पोरी," काळुरामशेठ मायेने म्हणाले, "ढाल तुझीच हाय. फक्त काय केलंस तेवढं सांग. लगेच नाव कोरतो."

"काय नाय केलं, काका."

"मग नियमानं नाव बाद करायला लागंल गो."

तेव्हा रूबेनभाऊ पुढे आले. ते फारसे बोलत नाहीत. "शेठ, दिवाळीनंतर आमी चाललो. इस्रायलला, बीरशेबात, हिच्या आत्याकडं. हितं आता सिनेगॉगात प्रार्थनेला लागतात तेवढी दहा माणसं जमत नाय. घर विकलं. पोरगी म्हनत होती, आपलं एक नाव तरी पेणात ऱ्हाऊ दे."

शीरा ढालीकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. मला, चिटणीस असूनही, फार वाईट वाटलं. पण वाईट वाटण्याने नियम बदलत नाहीत.

तिने डोळे पुसले. "केली लबाडी," ती म्हणाली.

पार्लरभर सुटकेचा निःश्वास पसरला. काळुरामशेठनी जवळ येऊन विचारलं, "कसली गो?"

"आत्यानं गेम पाठवला व्हता. त्याच्यात कोडबीड काय लिव्हला नव्हता. मग मी रोज सराव केला. शाळेतनं आल्यावर, दोन वर्षं. शब्बाथचा शनवार सोडून."

"कोनाला सांगितलंस?"

"नाय. कोनी विचारलंच नाय."

समितीने बाजूला जाऊन विचार केला. गुप्तपणे, घरात बसून, इतरांना कल्पना न देता मिळवलेला फायदा. शिवाय शनिवारी संशय येऊ नये म्हणून खंड! याहून मोठी लबाडी पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत आजवर झाली नव्हती. शिवाय ती कष्टसाध्य होती, त्यामुळे काळुरामशेठना विशेष आनंद झाला. मुलीचं अल्पवय आणि कबुली लक्षात घेऊन ढाल तिला देण्यात आली. पुढच्या वर्षापासून सरावावर संपूर्ण बंदी घालण्याचा ठरावही एकमताने मंजूर झाला. अक्षयने त्याला अनुमोदन दिलं.

ती फिरती ढाल त्यानंतर फिरली नाही, आजही जनूच्या दुकानात, उदबत्तीच्या घराशेजारी आहे. तिच्यावर 'शीरा रोहेकर, पेण' असं कोरलंय, आणि खाली नियमाप्रमाणे 'लबाडी : सराव'. पाहायला येणारा प्रत्येकजण जनूला हळूच विचारतो, की ते ठीक आहे हो, पण खरं काय केलं होतं तिनं?

आता वाचकांनो, हसू आवरा आणि खरं सांगा. ती बसली तेव्हापासून तुम्हीही मनात म्हणत होतात ना, की शेवटी काहीतरी निघेलच? समितीत एक जागा रिकामी आहे. जनूच्या काउंटरवर नाव देऊन जा.