रजिस्ट्रीवाले सुभेदार

आमच्या विश्रामबागेतल्या इमारतीचा जिना झाडून झाला की मंगलला सुपली घेऊन थेट कचऱ्याच्या डब्याकडे जाता येत नाही. दुसऱ्या मजल्यावर सुभेदार आनंदराव मोहिते उभे असतात. "थांब," म्हणतात, खिशातून चष्मा काढतात आणि सुपलीतला कचरा बोटाने खालीवर करून बघतात. एखादं बटण, एखादा स्क्रू, कुणाच्या पैंजणाचं घुंगरू निघतं. ते खिडकीच्या कठड्यावर मांडून ठेवतात.

"आवं, कचराच हाय त्यो!" मंगल कपाळाला हात लावते.

"त्ये तू ठरवायचं न्हाई. ज्याचं हाय त्यो ठरवंल."

सुभेदार मूळचे उंब्रजचे. फौजेत सुरुंग काढण्याच्या कामावर होते. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. मला शिकवायला आवडतं, शिकवून घ्यायला नाही. त्यांचंही तेच, त्यामुळे आमचं पहिल्यापासून वाजलं.

अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. कॉम्प्युटरच्या पोटात रजिस्ट्री नावाचा एक भाग असतो. कुठला प्रोग्रॅम कुठे बसवलाय, कुणी काय आवडनिवड सांगून ठेवलीय, हे तो लक्षात ठेवतो. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या खुणा तिथे राहतात. त्या झाडून काढणारे क्लीनर फुकटात मिळतात. त्यांतला कसून झाडणारा कुठला आणि धोका न करणारा कुठला, याचा सुभेदारांनी ध्यास घेतला.

त्यासाठी त्यांनी भंगारवाल्याकडून घरच्यासारखाच एक जुनाट कॉम्प्युटर पैदा केला. त्याचं नाव रंगरूट, म्हणजे फौजेतला नवशिका. प्रत्येक क्लीनर आधी रंगरूटावर चालायचा. घरच्या कॉम्प्युटरला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

जिन्यात गाठ पडली की अहवाल सुरू. एका क्लीनरला त्यांनी वकील नाव ठेवलं होतं. "नुसत्या चुका दाखवतोय, बाई. हजार चुका! आन् दुरुस्त कर म्हटलं की फी मागतोय." दुसरा बुलडोझर. त्याने इतकं कसून झाडलं की रंगरूट प्रिंटरलाही ओळखेना. "लय साफ करणारा लय धोक्याचा," हे त्या दिवशी दूधवाल्यालाही ऐकून घ्यावं लागलं. तिसरी सुईण. काही काढण्याआधी त्याची प्रत बाजूला ठेवणारी, शंका आली तर विचारणारी. "थोडंच काढती, पर जिवाला धक्का न्हाई."

पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामात असलेला माझा भाचा एकदा आला होता. हे सगळं ऐकून तो म्हणाला, "मावशी, या क्लीनरांनी कॉम्प्युटर काही जोरात पळत नाही. रजिस्ट्रीला हातच लावू नये." मला इतका आनंद झाला की मी चहा टाकून वर गेले.

"सुभेदार, तुमची सगळी परेड फुकट!" मी भाच्याचं म्हणणं सांगितलं.

"मला ठावं हाय," ते शांतपणे म्हणाले.

"ठाऊक आहे? मग हा उद्योग कशासाठी?"

रंगरूट चालूच होता. पडद्यावर तो जुना सुरुंगांचा खेळ होता. करड्या चौकोनांखाली सुरुंग लपलेले असतात, ते आकड्यांवरून ओळखून बाकीची घरं उघडायची. जो सगळ्यांत कमी वेळात उघडेल, त्याचं नाव कॉम्प्युटर विचारून घेतो आणि जपून ठेवतो. सुभेदारांनी मला ते नाव दाखवलं. शालन.

शालनवहिनी म्हणजे सुभेदारांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेल्या.

"हितं मी घातलंय. घरच्या कॉम्प्युटरवर तिनं सोताच्या हातानं घातलंय, मला हरवून. म्हणायची, आवं, बॉर्डरवर कसं वाचला तुमी? हितं तर दर खेपंला उडताय." ते हसले. "ह्ये नाव रजिस्ट्रीतच ऱ्हातंय, बाई. म्हणून हितं खेळायचं, जिंकायचं, तिचं नाव घालायचं आन् मग क्लीनर सोडायचा. बुलडोझरनं पुसलं. सुईणीनं ठेवलं."

"पण घरच्यावर क्लीनर चालवायचाच कशाला?"

"संदीपसाठी." संदीप त्यांचा मुलगा. "तेरावं झालं आन् त्यानं घर साफ केलं. मला तरास नको म्हणून. मी भाईर माणसांत बसलो हुतो. आत आलो तर कपाट रिकामं. साड्या, चष्मा, विणायच्या सुया, कायबी ऱ्हायलं न्हाई. ह्ये एक कुणाला ठावं न्हवतं म्हणून वाचलं. आता दिवाळीला कॉम्प्युटर साफ करतो म्हणतोय. तवा म्हटलं, आपूणच सोजळ बघून एक क्लीनर त्याच्या हातात द्यावा."

"अहो, सरळ सांगा की मुलाला!" मी चिडलेच.

"काय सांगू? कपाट रिकामं केलंस ते चुकलं म्हणू? त्यानं मायेनंच केलं."

मी खाली आले तेव्हा माझा चहा उकळून करपला होता.

दिवाळीत संदीप आला. मी फराळाला वर गेले तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर बसला होता आणि सुभेदार खुर्चीमागे सावधान उभे होते.

"आबा, हा फारच मवाळ आहे. माझ्याकडे एक जबरदस्त आहे."

"ह्योच लाव!" सुभेदार एवढ्या मोठ्याने ओरडले की संदीपच्या हातातली चकली खाली पडली.

"बरं बाबा, हाच." तो हसला आणि त्याने सुईण चालवली. सुभेदारांनी डोळे मिटून घेतले होते. ते संदीपला दिसलं नाही, मला दिसलं.

संदीप परत गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. घरच्या कॉम्प्युटरवर नाव होतं. शालन. सुभेदारांनी ते पडद्यावर बोटाने दाखवलं, पण काचेला बोट लावलं नाही.

"झालं एकदाचं," मी म्हटलं. "आता इथेच खेळा निवांत."

त्यांनी डाव मांडला. एवढा भराभर चालणारा हात मी पाहिला नव्हता. घरामागून घर उघडत गेलं आणि सुरुंगांची घरं सोडून शेवटचं एकच उरलं. तिथे सुरुंग नाही हे मलाही कळत होतं. सुभेदार थांबले.

"उघडा की!"

"न्हाई. रंगरूटावर तिचं नाव घालून घालून माझा हात लय बसलाय, बाई. ह्ये उघडलं तर ती हरंल."

आणि बाण अलगद शेजारच्या घरावर नेऊन त्यांनी सुरुंगावर बोट दाबलं.