चाक घरी नेणारे पटलेजी

गाडी दुरुस्तीला टाकून तिचं एक चाक सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पटलेजी.

बालाघाटात गोंदिया रोडवर आमच्या शेठजींची जीप-ट्रॅक्टरची एजन्सी होती. मागे पत्र्याचं लांबलचक शेड, तेच आमचं वर्कशॉप. मी तिथे कारकून. साठच्या दशकातली गोष्ट. आलेली गाडी नोंदवून घ्यायची आणि जाताना मालकाची सही घ्यायची, एवढंच माझं काम. सही म्हटली की लोक न वाचता करतात. पटलेजी वाचायचे. वाचून झाल्यावर कागदाची मागची कोरी बाजूही पाहायचे.

उकव्याच्या मँगनीज खाणीत त्यांनी जन्मभर बारूद कोठी राखली होती. सुरुंगाच्या दारूशेजारी इतकी वर्षं काढल्यावर माणूस निष्काळजी तरी होतो नाही तर पटलेजी तरी होतो. निवृत्त होऊन ते बालाघाटच्या एका टोकाला राहायला आले, पण अंगातला खाकी कोट आणि तोंडातला एक प्रश्न त्यांनी खाणीत परत केला नाही. "जबाबदारी कोनाची, ते पहिले सांगा!"

हा प्रश्न त्यांनी गावात कुणाला विचारायचा सोडला नव्हता. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की, "वस्तरा सटकला तं जबाबदारी कोनाची?" लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं जिलबीचा आग्रह केला की, "पोट बिघडलं तं जबाबदारी कोनाची?" एकदा देवळात पुजाऱ्यानं तीर्थ दिलं, तर हातावर घेऊन त्यांनी आधी पुजाऱ्याकडे आणि मग देवाकडे पाहिलं. पण प्रश्न गिळला.

त्यांची गाडी म्हणजे एक अजब वस्तू होती. खाणीतला एक गोरा इंजिनिअर मायदेशी परतताना चाकांवरचं घर मागे सोडून गेला. जीपच्या मागे जोडायचं, आत पलंग, कपाट, लहानसा ओटा. खाणीनं ते लिलावात काढलं आणि पटलेजींनी घेतलं. का घेतलं, कुणाला कळेना. एकट्या जिवाला हवं कशाला असलं घर? गावानं त्याचं नाव डबा ठेवलं.

तो डबा एका उन्हाळ्यात आमच्याकडे आला. चाकं कुरकुरत होती, बेअरिंग बदलायचे होते आणि ते नागपूरहून यायचे होते. म्हणजे डबा काही दिवस शेडमध्ये राहणार. पटलेजींनी भिंतीवरची पाटी बोट ठेवून मोठ्यानं वाचली, "गाडी मालकाच्या जोखमीवर ठेवली जाईल." मग माझ्याकडे वळले.

"बाबू, गाडी तुमच्या ताब्यात, अन् जोखीम माह्यी?"

"सगळ्यांचं तसंच आहे, पटलेजी."

"सगळ्यायनं काहून ऐकून घेतलं मंग?"

मी नोंदवहीत डोकं घातलं. त्यांनी गावातल्या विमा एजंटलाच वर्कशॉपमध्ये आणून उभं केलं. एजंट बिचारा पोटापाण्यासाठी हसतमुख असलेला माणूस.

"पटलेजी, डबा जीपले जोडला असंन तं विमा लागू. सोडला का मंग ते गाडी नाही, सामान झालं."

"मंग सामानाचा विमा करा."

"सामान घरात असलं पाह्यजे."

"अहो, हे घरच हाये!"

एजंटनं रुमालानं कपाळ पुसलं आणि वरच्या ऑफिसला विचारून सांगतो म्हणाला. असं म्हणालेला एजंट लवकर दिसत नाही.

तेव्हा पटलेजींनी बंदोबस्त स्वतःच्या हातात घेतला. म्हशीला बांधायची जाड साखळी आणून डबा शेडच्या लोखंडी खांबाला बांधला आणि तिला तीन कुलपं ठोकली. एवढ्यानं समाधान होईना म्हणून एका बाजूचं चाक काढून, तिथे लाकडी ठोकळा लावून, चाक सायकलवर घरी नेलं. आमचे मोठे मिस्त्री रशीदभाई पाहतच राहिले. शेठजी दुखावून म्हणाले, "पटलेजी, हम पर भरोसा नहीं है क्या?"

"भरोसा हाये ना. पन भरोशाले कुलूप नाही लावता येत, गाडीले लावता येते."

रोज येऊन ते कुलपं ओढून पाहायचे. आम्ही रोज हसायचो.

बेअरिंग आले, रशीदभाईंनी ते बसवले. चाक घेऊन या आणि गाडी न्या, असा निरोपही धाडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी शेडला आग लागली.

भर दुपारची वेळ, पत्रा तापलेला, बाहेर लू सुटलेली. मागच्या कोपऱ्यात वेल्डिंग चाललं होतं. ठिणगी तेलानं माखलेल्या चिंध्यांच्या ढिगात पडली आणि आधी नुसता काळा धूर आला. कुणाच्या ध्यानात यायच्या आत जाळ टायरांपर्यंत गेला. शेडला दार एकच, समोरचं. पुढच्या जीपा आणि ट्रॅक्टर सगळ्यांनी ढकलत बाहेर काढले. मग आला डबा. तीन कुलपांत बांधलेला, एका चाकावर उभा, वाटेच्या मधोमध. आणि त्याच्या मागे, आगीच्या बाजूला, खाणीचा एक ट्रक. डिझेलची टाकी त्याच सकाळी काठोकाठ भरलेली.

ट्रकचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसून हॉर्न वाजवत होता. खाली उतरून पळून जाता आलं असतं त्याला. पण ट्रक तिथेच राहिला तर काय होईल, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"तोड दो उस डब्बे को!" शेठजी ओरडले.

"तोडून काय होते, शेठजी?" रशीदभाई खोकत म्हणाले. "ओढला तं चाकाचा आस जमिनीत घुसंन अन् दारातच फसंन. चाक पाह्यजे, चाक!"

चाक गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. पाण्याचा टँकर बोलावायला माणूस गेला होता, तो परत आला नव्हता. वरचा पत्रा तडतडायला लागला. रशीदभाईंनी घण उचलला, निदान साखळी तरी तोडावी म्हणून.

तेवढ्यात फाटकातून सायकल आत आली. खाकी कोट, कॅरिअरला चाक. पटलेजींनी धूर पाहिला आणि सायकल तशीच टाकून दिली. ती पडली, चाक सुटून घरंगळत आलं, ते मी धरलं.

पटलेजींनी कोट, सदरा वर करून कंबरेचा करगोटा ओढला. किल्ल्या त्याला बांधलेल्या. गाठ सुटेना. सगळ्या वर्कशॉपसमोर ते पोट उघडं टाकून खांबाला चिकटून उभे राहिले आणि करगोट्यासकट किल्ली कुलपात घातली. पहिलं उघडलं. दुसरं उघडलं. तिसऱ्यात किल्ली फिरेना.

"फोडा!" ते ओरडले. "रशीदभाई, फोडा!"

घण पडला, कुलूप उडालं. रशीदभाई जमिनीवर पालथे झाले, मी चाक धरलं, पटलेजी कोटाच्या खिशातले नट एकेक करून हातात देत राहिले. डब्याची मागची बाजू धगीनं काळी होत होती, रंगाचे फोड येऊन फुटत होते. "उचला!" म्हणताच आम्ही सगळे खांदा लावून उभे राहिलो, ठोकळा काढला, आणि डबा जो सुटला तो दारातून थेट लिंबाच्या झाडाखाली जाऊन थांबला. त्याच्या मागोमाग ट्रक बाहेर आला. ड्रायव्हर उतरला, रस्त्याच्या कडेला बसला आणि त्याला उलटी झाली.

टँकर आल्यावर आग विझली. अर्धं शेड गेलं, माणूस कुणी गेला नाही. आणि एजंट आला, या खेपेला धावत.

"पटलेजी, वरच्या ऑफिसनं हौ म्हटलं हाये. नुकसान भरून मिळन. पन साहेब येऊन पाहत नाही तोवर गाडी इथून हालवाची नाही."

आम्हाला वाटलं, आता याची खैर नाही. पटलेजी एवढंच म्हणाले, "मले गाडी आत्ता न्यावाची हाये."

"मंग पैसा विसरा."

"विसरलो."

एजंट माझ्याकडे पाहायला लागला, मी रशीदभाईंकडे. पटलेजी शेठजींसमोर जाऊन उभे राहिले. "शेठजी, जीप पाह्यजे होती. लालबर्रा रोडले जावाचं हाये. सासूबाईचा निरोप आला सकाळी. ते लय बिमार हाये." आवाज इतका बारीक झाला होता की शेठजींनी काही न विचारता किल्ली रशीदभाईंकडे फेकली. मीही बसलो.

डबा मागे जोडून जीप आधी त्यांच्या घरी गेली. ते एकटे राहतात, अशी माझी पक्की समजूत होती. आत बाजेवर त्यांच्या पत्नी कौसल्याबाई पडून होत्या, केस विंचरलेले, नवं लुगडं नेसून तयार. उकव्याला विहिरीवर पाय घसरला आणि कंबरेखालचं अंग गेलं, पटलेजी चुलीवरचं भांडं झाकताना म्हणाले. बसता येत नाही, म्हणून बस नाही. बैलगाडीचे हिसके सोसत नाहीत. माहेर एवढं जवळ, पण त्या दिवसापासून तिनं आईला पाहिलं नव्हतं. म्हातारीलाही येववत नव्हतं. डबा घेतला तो त्यासाठीच, चाकं दुरुस्त व्हायची तेवढी वाट होती.

डब्यातल्या पलंगावर न्यायला चादरीत घालून आम्ही कौसल्याबाईंना उचललं.

"सांभाळून हो भाऊ," त्या रशीदभाईंना म्हणाल्या, "माह्या विमा नाही काढला यायनं."

पटलेजी डब्याच्या दारात बसले आणि प्रत्येक खड्ड्याला ओरडत राहिले, "हळू, रशीदभाई, हळू!" शेवटी आतून आवाज आला, "जोरात चालवा भाऊ! माय वाट पाहून राह्यली."

पटलेजींनी दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग तेच म्हणाले, "चालवा जोरात."

ऊन उतरताना गाव आलं. कौसल्याबाईंच्या भावानं म्हातारीची बाज उचलून अंगणात डब्याला लावली. डब्याच्या पलंगाजवळ एक खिडकी होती, तिची झडप बाहेरून वर उचलायची. पण आगीत तिचा टेकू जळून गेला होता, सोडली की झडप धाडकन पडे. पटलेजींनी ती वर उचलून हातावर तोलून धरली. आतून कौसल्याबाईंचा हात बाहेर आला, बाहेरून म्हातारीचा वर गेला. मग म्हातारी म्हणाली, "पिकली वं तू, पोरी," आणि दोघी हसल्या.

मी कुंपणातून बांबूची काडी उपसून आणली. "पटलेजी, ही लावू. हात दुखेल तुमचा."

"राहू द्या बाबू. सटकली तं मायच्या हातावर पडंन."

म्हातारी त्यानंतर थोडेच दिवस जगली, आणि तेवढे दिवस डबा त्याच अंगणात उभा होता. पण मला ती संध्याकाळच आठवते. आत-बाहेर माय-लेकी बोलत होत्या. कोण मेलं, कुणाला काय झालं, कोणत्या आंब्याला यंदा मोहर नव्हता. पटलेजी झडप धरून उभे होते. दोघींना मोकळेपणी बोलता यावं म्हणून तोंड मुद्दाम शेताकडे केलेलं. हात बदलायचा झाला की आधी दुसरा लावायचे आणि मगच पहिला काढायचे.