पुंडलीकभाईंचा पापड

पुंडलीकभाईंच्या घरी पापड खायला मिळत नाही, मोडायला मिळतो. पायरी चढलात की पाण्याआधी तुमच्या हातात उडदाचा कच्चा पापड येतो. "मोड बघया!" तो कट्कन मोडला तर भाईंचा चेहरा खुलतो. नुसताच लवला, तर पाहुण्याला तिथंच सोडून ते आत धावतात.

आत काचेच्या पेटीत अजगर असतो. आपल्या रानातला नव्हे. आफ्रिकी जातीचा, दोन-अडीच हात लांब, गरीब स्वभावाचा आणि रीतसर सरकारी नोंद असलेला. त्यांच्या विशूनं तो हौसेनं आणला, तेव्हा भाईंनी मुलाशी अबोला धरला होता. पुढे विशू लिस्बनला हॉटेलात कामाला गेला. भाईंची बायको, आमच्या वहिनी, त्याआधीच वारल्या होत्या. घरात उरले भाई आणि अजगराची ही मादी. तिला ते 'बाय' म्हणतात. विशूचा फोन यायचा तो सणासुदीला, तोही शेजारधर्म पाळल्यासारखा.

जाताना विशू एवढंच बजावून गेला होता, की हिची ऊब आणि ओल सांभाळा. भाईंनी जन्मभर पेडण्याच्या बाजारात सुपारी नि कोकमाची सोलं विकलेली. ओल म्हणजे काय ते आपल्याला कोण शिकवणार, असा त्यांचा तोरा. पेटीत ओल मोजायचा काटा आहे, पण त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "काटो चायनाचो. पापड आमच्या गावचो. तो खोटा बोलाचो नाय!"

हा तोराच पहिल्या पावसाळ्यात नडला. पेटीतला नारळाचा भुसा ओलावला, त्याला बुरशी धरू लागली. आता सोलं ओलावली तर आपण काय करतो? चुलीवरच्या माळ्यावर ठेवतो. भाईंनी पेटीही तिथंच चढवली, सुक्या बांगड्यांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी धुरानं बाय तोंड वासून घरघरू लागली, आणि वास असा सुटला की वाड्यावरच्या घराघरांतली मांजरं दारात ठाण मांडून बसली. भाई तिला कापडी पिशवीत घालून बसनं म्हापशाला डॉक्टरकडे घेऊन गेले. शेजारच्या सीटवरच्या बाईनं "पिशयेत काय ओ?" विचारलं, तर बेधडक म्हणाले, "सुपारी."

डॉक्टरांनी झापलं. संध्याकाळी फोनवर विशूनंही झापलं. "बाबा, एका बाजूक ऊब, दुसऱ्या बाजूक थंड! खंय बसाचा ता तिचा ती बघतली!"

बाय बरी झाली, पण तेव्हापासून तिची खबर घ्यायला विशूचा फोन रोज येऊ लागला. भाईही वाकबगार झाले. कात टाकायच्या सुमारास तिचे डोळे धुरकटले की ओला कपडा घातलेलं मडकं पेटीत ठेवायचे. कात अखंड उतरली त्या दिवशी त्यांनी वाड्यावर पेढे वाटले. आम्हीही ते गोड मानून खाल्ले, कशाचे ते न विचारता.

मध्यंतरी विशूनं एक यंत्र पाठवलं. ते पेटीतली ऊब आणि ओल आपोआप राखणार, आकडे थेट त्याच्या मोबाईलवर दिसणार. मी शेजारीच राहतो, वायरिंगचं काम करतो, म्हणून मला फोनवर म्हणाला, "दादा, तेवढा लावन दी. बाबांचो त्रास वाचतलो."

मी हत्यारं घेऊन गेलो. खोका न उघडताच खाटेखाली सरकवलेला होता. मी तो ओढून काढला, तशी भाईंनी त्यावर हात ठेवला.

"ह्या लावलस की तेका थंय सगळा दिसतला?"

"दिसतला. तुमका काय बघूक नको."

भाईंनी पेटीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मगे तो माका फोन कशाक करतलो?"

तेवढ्यात भाईंचा फोन वाजलाच. मीच उचलला.

"विशू, पेटीच्या कोपऱ्यात रेंज नाय रे. यंत्र चालना नाय."

"मगे आता?"

"आता काय? बाबांकच विचार."

फोन भाईंच्या हातात दिला. त्यांनी घसा खाकरला, खुर्ची पेटीजवळ ओढली.

"हां रे झिला. बाय आज वायच सुस्त दिसता…"

बाय सकाळीच उंदीर गिळून तृप्त पडली होती. मी हत्यारं उचलली आणि दार हळूच ओढून घेतलं.