मधल्या नळीत गोळा नसल्याबाबत

नदीच्या धक्क्याला कायमच्या बांधलेल्या जुन्या युद्धनौकेच्या पुढच्या बुरुजातल्या मधल्या तोफेच्या तोंडातून, एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, तांबूस पाण्याचा एक थेंब पडला. चीफ लेलंड प्रुइट नेमका त्या तोंडाखाली उभा राहून कॉफी पीत होता. थेंब कॉफीत पडला. लेलंडनं कप उंच धरून निरखला, वास घेतला आणि उरलेली कॉफी नदीत ओतली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कॉफी टाकली होती, यावरून प्रकरणाचं गांभीर्य लक्षात यावं.

नौकेचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे; आमच्या गावात तिला सगळे हॅटी म्हणतात. हॅटीवर सोळा इंची नऊ तोफा आहेत. तीन बुरूज, प्रत्येकात तीन नळ्या, एकेक नळी पासष्ट फूट लांब. दर वसंतात कोणत्या ना कोणत्या बँकेचे कर्मचारी एकसारखे टी-शर्ट घालून येतात आणि या नळ्यांना बाहेरून राखाडी रंग फासतात, कारण रंग लावताना फोटो छान येतो. आतून ग्रीस लावताना फोटो येत नाही. त्यामुळे नळ्यांच्या तोंडाला पितळी बुचं बसवून, आतल्या भागावर एकंदर विश्वास टाकण्यात आला होता.

लेलंडचा तो विश्वास कॉफीत पडला. तरुणपणी तो याच मधल्या तोफेचा प्रमुख होता. आता एकाहत्तराव्या वर्षी आठवड्यातून तीन दिवस स्वयंसेवक म्हणून येऊन तिचं पितळ घासत असे. नळीच्या आत गोल फिरत जाणाऱ्या बारीक खाचा असतात, गोळ्याला गिरकी देणाऱ्या. त्या खाचा म्हणजेच तोफ. बाकी सगळा पाइप. आणखी एक हिवाळा पाणी आत राहिलं की खाचा जाणार, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. काम तसं अर्ध्या दिवसाचं. बूच काढायचं, पाणी सोडून द्यायचं, लांब काठीला गोणपाटाचा बोळा बांधून नळी पुसायची, मग ग्रीस. दोन माणसं आणि एक शिडी.

म्हणून तो नौका-संग्रहालयाच्या सुरक्षा अधिकारी मिस ट्रूडी कॅसवेल यांच्याकडे गेला.

मिस ट्रूडी मनानं अतिशय चांगल्या. त्यांच्या टेबलावर घरी केलेल्या पेकन अक्रोडाच्या वड्या कायम असत आणि वडी खाल्ल्याशिवाय त्या कुणालाही नकार देत नसत.

"घ्या चीफ, वडी घ्या," त्या म्हणाल्या. लेलंडनं नाइलाजानं वडी उचलली.

"मिस ट्रूडी, मला फक्त एक बूच काढायचंय."

"हो ना. पण बुचामागे बंदिस्त जागा आहे. बंदिस्त जागेत शिरायला परवाना लागतो."

"मी कुठे शिरतोय? काठी शिरणार."

"काठीचं दुसरं टोक कुणाच्या हातात?"

लेलंडनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मिस ट्रूडींनी 'अंशतः प्रवेश' या रकान्यावर खूण केली.

"शिवाय ही तोफ," त्या पुढे म्हणाल्या. "तोफ उघडायची तर ती भरलेली नाही असा दाखला हवा. सोपं आहे. शेवटच्या दिवसाची नोंदवही बघू, एका ओळीचं काम."

नोंदवही आली. हॅटीनं शेवटचे गोळे डागले त्या दिवसाचं पान उघडलं. आठ नळ्यांपुढे दोन-दोन ओळी होत्या: 'गोळा भरला' आणि 'गोळा उडवला, नळी रिकामी'. मधल्या नळीपुढे एकच ओळ होती. गोळा भरला. खाली कोरी जागा, आणि त्या कोऱ्या जागेवर गुलाबी क्रीमचा डाग.

"हे अक्षर कुणाचं?" मिस ट्रूडींनी विचारलं.

"माझं." लेलंडचे कान लाल झाले. "त्या दिवशी निरोपाचा केक होता. कॅप्टन म्हणाला, पोरांनो, या लवकर. म्हटलं, नंतर लिहू."

"मग नंतर?"

"नंतर केक होता ना."

"म्हणजे गोळा उडवल्याचा पुरावा नाही."

"अहो बाई, सव्वा टनाचा गोळा! उडाला तेव्हा दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती माझ्या!"

"शिट्टीची नोंद आहे का कुठे? दवाखान्यात वगैरे?"

"मी स्वतः मागचं दार उघडून नळीतून बघितलं. तेच तर काम होतं माझं. दार उघडायचं, आरपार बघायचं आणि ओरडायचं, नळी मोकळी! पलीकडे आभाळ दिसलं होतं मला. नाण्याएवढं, निळं."

"ते तुम्ही म्हणताय. आणि नोंद न करणारेही तुम्हीच."

"बरं, नौका संग्रहालयाला देताना मागचं दार वेल्डिंगनं बंद केलं. त्या वेल्डरनं तरी आत बघितलं असेल!"

मिस ट्रूडींनी कागद चाळले. "त्याच्याकडे वेल्डिंगचा परवाना होता, चीफ. बघण्याचा नव्हता."

अशा रीतीनं, नळी रिकामी असल्याचं सिद्ध करायला बूच काढणं आवश्यक ठरलं, आणि बूच काढायला नळी रिकामी असल्याचं सिद्ध करणं. लेलंडनं दुसरी वडी घेतली नाही.

कार्यालयात एकदा शंका नोंदली गेली की ती पोरकी राहत नाही. भरलेली असू शकणारी तोफ म्हणजे धोका. धोका म्हटला की क्षेत्र आलं. सोळा इंची तोफेचा पल्ला तेवीस मैल. विश्वस्त मंडळानं नकाशावर पट्टी ठेवून नळीच्या तोंडापासून सरळ रेघ ओढली. रेघ मेथडिस्ट चर्चच्या वाहनतळावरून, दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरून, लुएलाच्या फळांच्या गोड पाई विकणाऱ्या दुकानावरून आणि गोल्फच्या सातव्या खळग्यावरून जात थेट शेजारच्या तालुक्यात शिरली. महिनाभरात रेघेवर पिवळे फलक लागले: 'आपण संभाव्य गोळ्याच्या मार्गात आहात. सहकार्याबद्दल आभार.' नक्की काय सहकार्य करायचं ते फलकावर नव्हतं. लोक आपले जरा वाकून चालू लागले.

पहिले पंधरा दिवस घबराट होती. मग कोणीतरी फलकाशेजारी उभं राहून फोटो काढला.

त्यानंतर लुएलानं 'गोळ्याच्या मार्गातली पीच पाई' सुरू केली. दाताच्या डॉक्टरांकडे दूरदूरचे रुग्ण येऊ लागले. डोक्यावर तोफ रोखलेली असताना दातदुखी जाणवत नाही, असं ते सांगत. रेघेवरच्या घरांच्या जाहिरातीत 'ऐतिहासिक रेषेत' असे शब्द आले. बॅप्टिस्ट चर्च रेघेपासून साठ यार्डांवर होतं. त्यांनी रीतसर विनंती केली की तोफ दोन अंश उजवीकडे वळवावी; संकट सगळ्या पंथांत समान वाटलं जावं.

इकडे थेंब दिवसाला एक होता तो तासाला एक झाला होता. लेलंडनं नळीखाली डबा ठेवला. मिस ट्रूडींनी डब्यावर चिठ्ठी लावली: 'संशयित द्रव.'

शेवटी लेलंड गावसभेत उभा राहिला. आमच्याकडे प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं मिळतात, घड्याळ लावून. लेलंडला तीन मिनिटं लागलीच नाहीत. तो म्हणाला, "मी तो गोळा स्वतः उडवलाय. नळी रिकामी आहे. तुम्हाला कुणालाही काहीही धोका नाही."

सभागृहात संतापाची लाट उसळली.

"आता सांगतोस?" लुएला ओरडली. "मी भिंतीवर रंगवून घेतलंय!"

"आमच्या जिवाला धोका नाही असं म्हणणारा हा कोण?" दाताचे डॉक्टर उभे राहिले. "याच्याकडे पुरावा आहे का?"

"चीफ, तुम्ही देशसेवा केलीत, त्याबद्दल आभार," मागून एक बाई अत्यंत मृदू आवाजात म्हणाल्या. "पण आता खाली बसा."

सभा संपल्यावर संग्रहालयाचे संचालक हॉलिस बर्डेट यांनी लेलंडला नौकेवरच्या आपल्या कार्यालयात नेलं. हॉलिस हसतमुख माणूस. त्यांना आजवर कुणी 'नाही' म्हणताना ऐकलेलं नव्हतं; 'हो' म्हणतानाही नाही.

"चीफ, तुम्हाला गोळा हवाय की नळी?"

"नळी. गोळा नाहीच आहे!"

"तेच तुमचं चुकतंय." त्यांनी नौदलाच्या नियमांचं एक जुनं, पिवळं पुस्तक उघडलं. "रिकामी तोफ म्हणजे पुरातन वस्तू. पुरातन वस्तूला हात लावायचा नाही; तिचा गंजसुद्धा पुरातन. पण भरलेली तोफ म्हणजे शस्त्र. आणि शस्त्राबद्दल नियम बघा काय म्हणतो. भरलेली तोफ दर आठवड्याला उघडून, पुसून, ग्रीस लावून सज्ज ठेवलीच पाहिजे. तोफ-प्रमुखानं. परवान्याशिवाय. हा नियम कुणी रद्दच केलेला नाही."

लेलंडनं तो परिच्छेद दोनदा वाचला. "म्हणजे ती भरलेली असली तर मी ग्रीस लावू शकतो. रिकामी असली तर नाही."

"मी असं काहीच म्हटलेलं नाही," हॉलिस आनंदानं म्हणाले आणि एक कागद पुढे केला. त्यावर एकच वाक्य होतं: 'मधली नळी रिकामी असल्याचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही.'

लेलंडनं पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एक ओळ लिहायची सोडली होती, पण खोटी ओळ कधी लिहिली नव्हती. आणि ते नाण्याएवढं आभाळ त्याच्याशिवाय कुणी पाहिलेलंच नव्हतं. सही केली की ते कुणीच पाहिलेलं नाही असं होणार होतं.

बाहेर डब्यात थेंब वाजला. लेलंडनं सही केली.

गुरुवारी बूच निघालं. बादलीभर लाल पाणी नदीत गेलं. लेलंडचा जुना सोबती रूफस गेन्स, डाव्या नळीचा प्रमुख, काठीचं दुसरं टोक धरायला आला होता. लेलंडनं दिवा लावून आत पाहिलं. खाचा शाबूत होत्या. जरा तांबूस, पण शाबूत.

"गोळा आहे का रे?" रूफसनं खालून विचारलं.

"गप बस आणि ग्रीस दे."

अहवालात 'गोळा दिसला का' असा रकाना नव्हता. एवढं कोणाला सुचलं नव्हतं. 'स्थितीत बदल' असा एक होता. लेलंडनं त्यात लिहिलं: बदल नाही. दर गुरुवारी तो हेच लिहू लागला, आणि महिन्याभरात मधली नळी आतून अशी चमकू लागली की तिच्यात तोंड बघून दाढी करावी.

रूफस चार गुरुवार हे बघत होता. पाचव्या गुरुवारी त्यानं काठी खाली ठेवली.

"लेलंड, माझी नळी गळायला लागलीय."

"तुझी तर नोंद आहे. उडवला, रिकामी. तुझ्याच अक्षरात."

"माझं अक्षर मला वाचता येत नाही हल्ली," रूफस म्हणाला. "आणि खरं सांगू? मला काही आठवतच नाही."

सोमवारी रूफसनं सही केली. बातमी फुटली. जुने तोफ-प्रमुख कुठून कुठून आले: एक शेजारच्या राज्यातून गाडी हाकत, एक मुलीच्या घरून, एक चाकाच्या खुर्चीतून. सगळे विसरले होते. एकाला तर आपण नौदलात होतो हेच आठवत नव्हतं, पण नळीचा क्रमांक त्यानं बिनचूक सांगितला. मिस ट्रूडींना वड्यांचा दुसरा घाणा करावा लागला. नकाशावर सात रेघा झाल्या, बॅप्टिस्टांचीही सोय झाली, आणि गावात आता असा एकही रस्ता उरला नाही जिथं माणूस अभिमानानं वाकून चालत नाही.

राहिल्या दोन नळ्या. मागच्या बुरुजातल्या. त्यांचे प्रमुख वारले; त्यांच्या वतीनं विसरणारं कोणी नाही. नोंदवहीत त्या स्वच्छ अक्षरात रिकाम्या आहेत, म्हणून आतून सडतायत. लेलंड रोज त्यांच्याखालचे डबे बदलतो. त्यांच्यासाठी सही करायला तो गेला होता; पण त्या नळ्या त्यानं पाहिलेल्या नाहीत हे सांगायला तो त्या बुरुजावर नेमलेला असायला हवा होता, असं मिस ट्रूडींचं म्हणणं पडलं. माणूस त्रयस्थ तरी हवा, नाहीतर त्या नळीचा प्रमुख तरी; लेलंड नौकेवरचाच, म्हणून दोन्ही नाही.

हॉलिसनी मग तोडगा काढलाय. त्रयस्थाचा फॉर्म छापून प्रवेशद्वाराशी ठेवलाय, पोस्टानंही चालतो. वाक्य तेच: नळी रिकामी असल्याचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. लेलंडपासून त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यापर्यंत आमच्याकडच्या सातही सह्या खोट्या आहेत, हे आता लपवण्यात अर्थ नाही. दोन खऱ्या सह्या हव्या आहेत. तेव्हा तुम्हालाच विचारतो, अगदी देवाशपथ सांगा: तुम्ही पाहिलंय?